एकराला पाच गुंठे

गव्हाणहून कॉलेजला जाताना उलव्याचे टॉवर दिसतात ना? ही शेतं १९७० नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी गेली. शेजारच्या जासईत १९२६ साली जन्मलेले वकील दि. बा. पाटील, म्हणजे आपले 'दिबा', अडून बसले: ज्याची जमीन गेली, त्याचं घर याच शहरात हवं, नुसता मोबदला नको. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के योजना आली. एकर गेला तर कागदावर पाच गुंठे विकसित भूखंड परत. थोडं वाटतं? पण घराला हक्काची जागा मिळाली. कुटुंबं वाढली तशी गरजेपोटी बांधलेली घरं मात्र अनधिकृत ठरली. २४ जून २०१३ ला दिबा गेले, तेव्हाही तो प्रश्न तसाच होता.