कार्ल कोलर
कार्ल कोलर (३ डिसेंबर, १८५७ – २१ मार्च, १९४४) हे बोहेमियात जन्मलेले नेत्रशल्यचिकित्सक होते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत स्थानिक भूल देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली.

ईथर वा क्लोरोफॉर्मने बेशुद्ध केलेल्या रुग्णाला नंतर उलट्या होत आणि डोळ्याची जखम उघडण्याचा धोका असे. त्यामुळे मोतीबिंदू अनेकदा भूल न देताच काढला जाई. व्हिएन्नात कोलर यांचे सहकारी सिग्मंड फ्रॉइड कोकेनच्या इतर परिणामांचा अभ्यास करत होते. कोकेनने जीभ बधिर होते, याचे महत्त्व कोलर यांनी ओळखले. १८८४ मध्ये त्यांनी कोकेनचे द्रावण आधी बेडूक, ससा व कुत्रा यांच्या आणि नंतर स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिले. प्रवासखर्च परवडत नसल्याने त्यांचा निबंध १५ सप्टेंबर, १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यक परिषदेत योसेफ ब्रेटाउअर यांनी वाचला.

१८८५ मध्ये एका सहकाऱ्याने केलेल्या ज्यूद्वेषी अपमानावरून कोलर यांना द्वंद्वयुद्ध करावे लागले. त्यानंतर त्यांनी व्हिएन्ना सोडले. नेदरलँड्समध्ये काही काळ काम करून १८८८ मध्ये ते न्यू यॉर्कला गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. पुढे कोकेनची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. मात्र रुग्ण जागा असताना मोतीबिंदू काढण्याची पद्धत रूढ झाली.