सावित्रीबाईंचा रस्ता

शहर बांधताना ते कोणाच्या सोयीने बांधले, असा प्रश्न नगररचनेचे जाणकार आता विचारू लागले आहेत. दिवे कुठे लावले, बसथांबा कुठे ठेवला, बाजारात बायकांसाठी शौचकूप आहे की नाही, याची चर्चा होते. चर्चा योग्यच आहे. परंतु बाईने रस्त्यावर यावे की नाही हाच जिथे वाद, तिथे दिवे लावून काय होणार? पुण्यात हा पहिला वाद एका बाईने रोज पायी चालून लढविला. तिचे नाव सावित्रीबाई फुले. शिक्षिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. आज जरा त्यांच्या चालण्याकडे पाहू.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी लग्न झाले. मुलगी नऊ वर्षांची, नवरा तेरांचा. त्या काळच्या रीतीप्रमाणेच सारे. रीतीबाहेरचे पुढे घडले. जोतीरावांनी पत्नीला लिहावयास वाचावयास शिकविले आणि १८४८ साली बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा काढली. शिकविण्यास सावित्रीबाई. वय अवघे सतरा.

पेशवाई जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती, पण पेठांतील चालरीत तीच होती. घरंदाज बाईने घराबाहेर पडावे ते पाण्यासाठी, देवदर्शनासाठी, नाहीतर नदीवर. कष्टकरी बायका दिवसभर बाहेर असत, त्यांना कोणी हटकत नसे. डोक्यावर पाटी असली की रस्ता मोकळा. हातात पुस्तक दिसले की तोच रस्ता बाटला! (याच काळात आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजावर चढून मॉरिशसला येत होते. इथल्या मळ्यांतही ऊसाचा भारा वाहणाऱ्या आपल्या आजी-पणजींना कोणी घरात बसा म्हटले नाही.)

सावित्रीबाई शाळेला निघाल्या की लोक शिव्या देत, शेण, चिखल, खडे मारीत. त्या एक जादा लुगडे जवळ ठेवीत. शाळेत पोचल्यावर घाण झालेले बदलीत व मुलींपुढे स्वच्छ उभ्या राहत. परतताना पुन्हा तेच. सोबतीला शाळेचा शिपाई दिला होता. एकदा वाट अडविणाऱ्या एका धटिंगणाला त्यांनी भर रस्त्यात थोबाडीत दिली व त्यानंतर हा त्रास कमी झाला, असे सांगतात. मला मात्र थोबाडीतीपेक्षा ते दुसरे लुगडे मोठे वाटते. राग एकदा येतो. लुगडे रोज सकाळी आठवणीने घ्यावे लागते.

लोकांच्या दबावाने जोतीरावांच्या वडिलांनी १८४९ साली दोघांना घराबाहेर काढले. तरी काम थांबले नाही. १८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात व रास्ता पेठेत, आणि १८५२ साली वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. एकच मोठी शाळा न काढता निरनिराळ्या पेठांत का काढल्या असतील? ज्या रस्त्यावर शिक्षिकेला शेण मारतात, त्यावरून सात-आठ वर्षांच्या मुलीला लांब कोण पाठविणार? शाळाच तिच्या घराजवळ आणावी हे शहाणपणाचे. आजही मुलीची शाळा लांब असली की आईबापांचा पाय अडखळतो.

१८५२ च्या संक्रांतीला बायकांचा तिळगुळाचा समारंभ झाला. सावित्रीबाई महिला सेवा मंडळाच्या चिटणीस होत्या. कोणत्याही जातीची बाई आली तरी सर्वांना एकाच जाजमावर बसविले जाईल, असे निमंत्रणातच कळविले होते. वाचकहो, जाजम ही साधी वस्तू. पण कोण कुठे बसेल हे तीच ठरवीत असे. ब्राह्मणाची सून आणि महाराची लेक एका कापडावर बसणे ही त्या वेळी शाळेइतकीच अवघड गोष्ट होती.

पाण्याचेही तसेच. पुण्यात कात्रजहून नळाने पाणी येई आणि जागोजागी हौद होते, बांधकाम उत्तम. परंतु अस्पृश्य बाईला त्यात घागर बुडविण्याची मनाई. कोणी दया येऊन वरून ओतील तर पाणी, नाहीतर उन्हात ताटकळत बसायचे. घरचे पाणी भरणे हे सगळीकडे बायकांचेच काम, म्हणून ही शिक्षाही मुख्यतः बायकांनाच. १८६८ साली फुले पतिपत्नींनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला.

आणि ज्या बाईला सबंध शहरात तोंड दाखविण्याची सोय नव्हती, तिचे काय? फसलेली विधवा जीव देई किंवा मुलाचा जीव घेई. अशांसाठी त्यांनी आपल्या घरीच बाळंतपणाची सोय केली. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला व डॉक्टर केला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्राला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि प्रेतयात्रेच्या पुढे चालू लागल्या. बायकांनी स्मशानात जायचे नसते ही समजूत अनेक घरांत अजून आहे; आपल्या बेटावरही आहे. ही गोष्ट १८९० ची. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. घरे ओस पडली, माणूस माणसाला शिवेना. डॉक्टर यशवंतांनी गावाबाहेर, हडपसरच्या बाजूला, दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच सावित्रीबाई तिकडे गेल्या. वय सहासष्ट. मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत चालत आणले. त्याच प्लेगने त्यांना गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.