छावणीतील वृत्तपत्र आणि वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय

सरोजिनी नायडू यांचे नाव ठाऊक नाही, असा विद्यार्थी आमच्या हैदराबादेत शोधूनही सापडणार नाही. परंतु त्यांच्या पाठचे बंधू वीरेंद्रनाथ यांचे नाव निघताच आम्हांपैकी बहुतेक जण निरुत्तर होतात. ज्यांनी उमेदीची वर्षे परदेशांत राहून स्वदेशाची वार्ता पसरविण्यात वेचली, त्यांचीच वार्ता त्यांच्या जन्मगावी उरू नये, हा दैवदुर्विलास होय.

वीरेंद्रनाथांचा जन्म १८८० साली हैदराबाद येथे झाला. वडील डॉ. अघोरनाथ हे एडिंबरो विद्यापीठाची पदवी मिळविलेले शास्त्रज्ञ असून निजाम कॉलेजच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. आय.सी.एस. होण्याच्या हेतूने वीरेंद्रनाथ विलायतेस गेले. पण त्या परीक्षेत त्यांना यश आले नाही. पुढे कायद्याचा अभ्यास चालू असता पंडित श्यामजी कृष्णवर्मा व विनायकराव सावरकर यांच्या 'इंडिया हाउस'शी त्यांचा संबंध आला आणि सरकारी अधिकाराची हौस कायमची मावळली. १९०९ साली निघालेल्या 'तलवार' या क्रांतिकारकांच्या पत्राचे संपादन त्यांनी केले. १९१० मध्ये इंग्लंड सोडून ते पॅरिसला मादाम कामा यांच्या गटात सामील झाले.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा ते जर्मनीत होते. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, या विचाराने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन परराष्ट्र खात्याच्या पाठबळावर बर्लिन समिती स्थापन केली. इकडे फ्रान्स व बेल्जियमच्या रणभूमीवर इंग्रज सरकारने १ लाख ३० हजारांहून अधिक हिंदी लोक धाडले होते. त्यांतील जे जर्मनांच्या हाती लागले, त्यांपैकी पुष्कळांना बर्लिनच्या दक्षिणेस व्यून्सडॉर्फ येथील 'अर्धचंद्र छावणी'त ठेवण्यात आले. कैद्यांची मने जिंकावीत म्हणून तेथे १९१५ साली लाकडी मशीद बांधण्यात आली आणि धर्माचारास मोकळीक देण्यात आली.

याच हेतूने १९१५ पासून त्या छावणीसाठी 'हिंदोस्तान' नावाचे वृत्तपत्र हिंदी व उर्दू भाषांत निघू लागले. ते जर्मन सरकारच्या प्रचारकचेरीतून निघे आणि त्या कामी समितीच्या देशभक्तांचे साहाय्य असे. त्यात युद्धाच्या वार्ता असत, इंग्रजी राज्यातील अन्यायाचे वर्णन असे. सिपायांनी इंग्रजांची बाजू सोडावी, हा त्यातील सर्व मजकुराचा रोख असे. वाचकांपैकी कितीतरी जण खेड्यांतून आलेले, अक्षरओळख नसलेले. ते दुसऱ्याने वाचलेले ऐकत. वृत्तपत्र मायबोलीच्या जवळचे होते, त्यातील पुष्कळ गोष्टी खऱ्याही होत्या; परंतु लिहिणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये काटेरी तारांचे कुंपण होते, आणि ऐकणाऱ्यास दुसरे पत्र निवडण्याची सोय नव्हती.

त्या सिपायांच्या मनात काय होते? जर्मन विद्वानांनी भाषांच्या अभ्यासासाठी या कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ते बर्लिनमध्ये आजही जपलेले आहेत. १९१६ च्या डिसेंबरात एका शीख सिपायाने त्या यंत्रापुढे आपले मन मोकळे केले. घरच्या लोण्याची आठवण आणि घरी परतण्याची तळमळ सांगितली. इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरण्यास थोडेच तयार झाले. थंडी व रोगराई यांपायी अनेकांनी तेथेच देह ठेवला. १९१७ साली अनेकांना हवामानाच्या कारणास्तव रुमानियात हलविण्यात आले. व्यून्सडॉर्फजवळील झेरेन्सडॉर्फच्या हिंदी स्मशानभूमीत २०६ जणांची नोंद आहे.

वीरेंद्रनाथांची देशभक्ती निःसंशय होती. तथापि परक्या सत्तेच्या छापखान्यातून आपल्या स्वातंत्र्याचे पत्र काढताना त्या सत्तेचा स्वार्थही आपल्या अक्षरांत उतरतो, हे आम्हांस नाकारता येत नाही. १९१७ साली ते स्टॉकहोमला गेले व तेथून त्यांनी स्वातंत्र्याचा प्रचार चालू ठेवला. १९२७ साली ब्रुसेल्स येथे साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला; पंडित नेहरू ज्या परिषदेस उपस्थित होते, तीच ही परिषद. त्या संघाच्या चिटणिसांमध्ये वीरेंद्रनाथांची गणना होती.

पुढे ते रशियात गेले. लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीत हिंदुस्थानविषयक संशोधन करीत असता १९३७ च्या जुलैत त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांना गोळी घालण्यात आली. बंदिवानांना वृत्तपत्र पुरविण्याच्या कार्यात ज्यांच्या समितीने हात दिला, ते स्वतः बंदिवान झाले, तेव्हा त्यांची वार्ता कोणत्याही पत्रात आली नाही. स्वदेशी त्यांच्या आप्तेष्टांस कित्येक वर्षे खरा प्रकार कळला नाही. १९५६ साली सोव्हिएत सरकारने त्यांना निर्दोष ठरविले. पण तोवर उशीर झाला होता.

विद्यार्थिमित्रहो, हे वार्षिक लिहिताना आम्हांस कोणाचे भय नाही आणि वाचताना तुमच्याभोवती तारांचे कुंपण नाही. हे भाग्य किती मोठे आहे, याची जाणीव आमच्याच शहराच्या या विस्मृत सुपुत्राचे चरित्र आपणांस करून देवो!