शहजादा दानियाल: दारावर पहारा, मनात तलफ

दारू सोडवण्यासाठी घरचे लोक बहुधा एकच उपाय करतात: बाटल्या लपवायच्या, पैसे काढून घ्यायचे, मित्रांना दार बंद करायचे. चारशे वर्षांपूर्वी अकबर बादशहाच्या घरानेही हेच केले होते.

दानियाल हा अकबराचा धाकटा मुलगा, जन्म १५७२, अजमेर. हत्ती-घोड्यांचा आणि बंदुकांचा शौकीन. हिंदी कविताही करायचा. थोरला भाऊ मुराद दख्खनच्या मोहिमेवर असताना दारूने खंगला आणि १५९९ मध्ये, तिशीच्या आतच, पूर्णा नदीच्या काठी वारला. ते ठिकाण दौलताबादपासून सुमारे वीस कोसांवर होते. मग दख्खनची जबाबदारी दानियालवर आली. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. पुढे दानियाल बऱ्हाणपुराहून कारभार पाहू लागला. पण भाऊ दारूने गेला तरी त्याची दारू सुटली नाही.

अकबराने फर्माने धाडली. सासरे अब्दुर्रहीम खानखाना यांनी पहारा बसवला. तलफ आली की दानियाल रडून, गयावया करून नोकरांकडे दारू मागायचा. अखेर त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळीतून ती आत आली. नळीतला गंज आणि बारुदाची काजळी तिच्यात मिसळली होती. तीच दारू जिवावर बेतली. १६०५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो गेला.

ही हकिगत तिसरा भाऊ जहांगीर याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. तो स्वतःही अट्टल पिणारा. हकिमाने धोक्याची सूचना दिल्यावर त्याने काही वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रमाण कमी केले. व्यसन पूर्ण सुटले नाही, पण तो अठ्ठावन्न वर्षे जगला.

दानियालच्या पहारेकऱ्यांनी दारू अडवली. तलफेवर उपचार झाला नाही. घरातून दारू दूर ठेवणे आवश्यकच आहे, पण तेवढे पुरत नाही. दारूचे दुकान, ठरावीक वेळ, जुना मित्र, ग्लासचा आवाज यांची मेंदूत दारूशी सांगड बसलेली असते. त्यांपैकी काही समोर आले की तलफ उसळते.

एक्सपोजर थेरपीत ही सांगड सैल करतात. तज्ज्ञासमोर रुग्णाला अशा खुणांना थोड्या थोड्या प्रमाणात सामोरे नेले जाते, पण दारू दिली जात नाही. तलफ चढते, थोडा वेळ टिकते आणि न पिताही ओसरते. हा अनुभव पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी घेतला की खुणेचा जोर कमी होऊ शकतो. दवाखान्यात शमलेली तलफ जुन्या गल्लीत परत येऊ शकते. म्हणून ही पद्धत एकटी पुरेशी नसते. तिच्या जोडीला औषधे, समुपदेशन आणि नियमित पाठपुरावा लागतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा प्रयोग घरी करू नका. समोर बाटली ठेवून रुग्णाची परीक्षा घेणे म्हणजे उपचार नव्हे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडू नका. झटके, भ्रम येऊन जिवाला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा. आपल्या शहरात घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

दानियालभोवती माणसे होती, मायाही होती. तुमच्या माणसावर पहारा ठेवाल, तेव्हा त्याला उपचारालाही घेऊन या.