अच्युत कानविंदे : आधुनिक वास्तुकला आणि आपली हवा

शिरूर-दौंड परिसरातील जुनी माळवदाची घरे आपण पाहिली असतील. जाड भिंती व मातीचे छत यांमुळे या अवर्षणप्रवण भागातील उन्हाळाही तेथे सुसह्य होतो. काँक्रीटच्या नव्या इमारती मात्र दुपारी तापतात. आधुनिक बांधकाम आपल्या हवेला कसे मानवेल, या प्रश्नाला आपल्या कामातून भिडणाऱ्या एका मराठी वास्तुविशारदाचा परिचय आता करून घेऊ.

अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली कोकणातील आचरे येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात वास्तुकला शिकून ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. पुढे सरकारने त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू होते. इमारतीचे रूप अलंकरणातून नव्हे, तर तिच्या उपयोगातून घडावे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

ते परतले तेव्हा स्वतंत्र देशात नव्या संस्था उभ्या राहत होत्या. त्यांना घुमट-कमानींचे पूर्वरूप द्यावे की नवे रूप घडवावे, असा वाद होता. कानविंदे नव्याच्या बाजूचे होते. परंतु परदेशी नमुन्याची नक्कल पुरेशी नाही, हेही त्यांच्या कामातून स्पष्ट होत गेले. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टो यांनी लाकूड, वीट व प्रकाश यांच्या आधारे आधुनिकतेला आपल्या भूमीशी जोडले होते. कानविंदे यांनी तेच कार्य भारतीय उन्हात केले.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर हेही मराठीच. या संस्थेच्या परिसरात कानविंदे यांनी उघडी वीट व काँक्रीट वापरले आणि इमारती आच्छादित मार्गांनी जोडल्या. त्यामुळे विद्यार्थी सावलीतून चालू शकतात. मेहसाणा येथील दूधसागर डेअरीच्या छतावर उंच झडपा-धुराडी दिसतात. ती शोभेसाठी नाहीत. आतील उष्ण हवा त्यांतून बाहेर पडते. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. बाहेरून आलेली दृष्टी आपल्या अनुभवात कशी रुजवावी, हा पेच कवितेसमोरही होता.

स्वाध्याय : आपल्या गावातील एक जुनी व एक नवी इमारत निवडून प्रकाश, वारा आणि माणसांचा वावर या दृष्टींनी त्यांची तुलना करा.