गोदावरी परुळेकर : वेठबिगारीची गाठ सोडविणारी लढवय्यी

खास प्रतिनिधी, तुळिंज

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसई तालुक्यातील तुळिंज आणि उत्तर टोकाला गुजरातच्या सीमेला भिडलेला तलासरी तालुका. एका टोकाला लोकलच्या गर्दीत घुसमटलेले महानगराचे उपनगर, तर दुसऱ्या टोकाला वारली पाडे, भातखाचरे आणि गवताळ माळ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नव्या पिढीला कागदावरच एक वाटतो. तरीही या दोन टोकांना बांधणारा एक धागा आहे. पावसाळा सरला की जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातील आदिवासी कुटुंबे वसई पट्ट्यातील वीटभट्ट्या आणि बांधकामांवर मजुरीला उतरतात. या माणसांच्या आजा-पणज्यांना मजुरी मागण्याचा अधिकारच नव्हता, हे नालासोपाऱ्यात घर घेऊन स्थिरावलेल्या नोकरदाराला क्वचितच ठाऊक असते. तो अधिकार ज्या लढ्यातून मिळाला, त्या लढ्याशी कायमचे जोडले गेलेले नाव म्हणजे कॉम्रेड गोदावरी परुळेकर, अर्थात सर्वांच्या गोदूताई.

पुण्यातील घर सोडले

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात जन्मलेल्या गोदावरी गोखले यांच्या वाट्याला त्या काळच्या स्त्रीला दुर्लभ असे सारे काही आले होते. वडील लक्ष्मणराव गोखले हे नामांकित वकील. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी घराण्याचे नाते. घरातील वातावरण सुशिक्षित आणि उदारमतवादी. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकून त्यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात ही पदवी मिळविणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. वकिलीची सनद आणि प्रतिष्ठेचे आयुष्य समोर असताना त्या स्वातंत्र्य चळवळीत उतरल्या आणि १९३२ साली त्यांना तुरुंगवास घडला. सनदशीर मार्गावर श्रद्धा असलेल्या वडिलांना हे रुचणारे नव्हते. अखेर घर सोडून गोदावरीबाई मुंबईला आल्या.

मुंबईत त्या गोखल्यांनीच १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत त्यांनी स्वतःला झोकून दिले, घरकामगारांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. याच काळात त्यांची समाजातील सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी ओळख झाली. शामराव हे कामगार चळवळीतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले होते. १९३८ च्या जानेवारीत खोतीविरोधी मोर्चा घेऊन कोकणातील शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकले, तेव्हा शामराव त्यात आघाडीवर होते. १९३९ साली दोघांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. साक्षरता आणि सेवेने माणसाची परिस्थिती पालटत नाही, त्यासाठी त्याला हक्काची जाणीव आणि संघटनेचे बळ लागते, या निष्कर्षाला त्या आल्या होत्या. महायुद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० ते १९४२ ही वर्षे या दाम्पत्याने तुरुंगात काढली.

मुंबईपासून काही तासांवर

त्या काळी डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत काय चालले होते, याची सरकारला कल्पना नव्हती असे नाही. १९३७ साली सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी भागाची पाहणी सोपविली होती. सावकार-जमीनदारांनी आदिवासींना कसे कर्जात आणि वेठीत जखडून ठेवले आहे, याची नोंद त्या अहवालात झाली. पण नोंद झाली म्हणून वेठ थांबली नाही.

एकेकाळी स्वतःच्या असलेल्या जमिनी वारल्यांच्या हातून निसटून सावकार, व्यापारी आणि जंगल ठेकेदारांकडे गेल्या होत्या. त्याच जमिनीवर ते कूळ म्हणून राबत. मालकाचा निरोप आला की स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर, घरी वा जंगलात बिनमोल राबायचे, ही झाली वेठ. दुसरा प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी मालकाकडून थोडी रक्कम घेतली की तो तरुण आणि त्याची बायको आयुष्यभराचे गुलाम होत. कर्ज कधीच फिटत नसे. मुलांच्या माथीही तेच येई. बाईच्या अब्रूला मालकाच्या लेखी किंमत नव्हती. अंगावर हात टाकणे, झाडाला बांधून मारणे हे नित्याचे होते. इकडचे गवत मुंबईच्या तबेल्यांना आणि लाकूड वखारींना जात होते. ज्या लोहमार्गावर आज नालासोपाऱ्याची गर्दी लोंबकळते, त्याच लोहमार्गाने हा माल शहरात पोहोचत असे. कापणाऱ्याच्या हाती मात्र जवळजवळ काहीच पडत नव्हते.

झरीची सभा

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तेथे मोजके वारलीही आले होते. त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून आपल्या माणसांची व्यथा मांडली आणि सभा हेलावली. आमच्या भागात या, हे त्यांचे आवाहन परुळेकरांनी मनावर घेतले.

गोदूताई पाड्यापाड्यांतून पायी हिंडू लागल्या. आरंभी लोक त्यांना पाहून झोपडीत दडत. पांढरपेशा माणूस म्हणजे सरकारचा किंवा सावकाराचा, हा अनुभवाने पक्का झालेला समज. भाषेचे अंतर होते, विश्वासाचे त्याहून मोठे. त्या वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्या ताटातले खाल्ले, त्यांची बोली कानावर बसवून घेतली. पुढे दूर गेली ती ही भीती, आणि पुढच्या साऱ्या लढ्याचे भांडवलही तेच ठरले.

२३ मे १९४५ रोजी आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावात सभा झाली. सुमारे ५ हजार आदिवासी जमले. ठराव साधे होते. रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या खासगी जमिनीवर कामाला जायचे नाही, फुकटची वेठ करायची नाही, मालकाने हात उगारला तर निमूट सोसायचे नाही आणि सर्वांनी एकजूट राखायची. सभा संपवून लोक घरी गेले ते वेगळ्याच उमेदीने. लाल बावटा घेतलेले जथे गावोगाव फिरून लग्नगड्यांना मालकाच्या वाड्यातून बाहेर काढू लागले. पिढ्यान् पिढ्यांची वेठ काही आठवड्यांत मोडून पडली. कायद्याचा कागद किंवा सरकारी हुकूम यासाठी लागला नाही. लोकांनी नकार दिला आणि तो नकार एकत्र दिला, एवढेच घडले.

तलवाड्याचे रक्त

मालकवर्ग स्वस्थ बसणार नव्हता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदूताई संकटात आहेत, त्यांच्या रक्षणासाठी काठ्या घेऊन या, अशी हूल उठविण्यात आली. हजारो आदिवासी तलवाडा येथे गोळा झाले. सशस्त्र जमाव जमल्याचे कारण देत पोलिसांनी गोळीबार केला. आपल्या बाईला सोडून कसे जायचे, या भावनेने लोक जागचे हलेनात आणि गोळीबार थांबून थांबून होतच राहिला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदूताई तेथे नव्हत्याच. ज्यांच्यावरच्या प्रेमापोटी माणसे मेली, त्या व्यक्तीला हे ओझे आयुष्यभर वागवावे लागले असणार. १० ऑक्टोबर हा दिवस या पट्ट्यात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

परुळेकर दाम्पत्याला त्या भागात येण्यास बंदी झाली. तरी चळवळ विझली नाही, कारण एव्हाना ती पाड्यावरच्या माणसांच्या हाती गेली होती. १९४६ च्या शरद ऋतूत जंगल कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला. लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला सव्वा रुपया रोज मान्य करावा लागला.

याच वर्षी प्रांतात लोकनियुक्त सरकार पुन्हा आले होते. मुख्यमंत्री खेर स्वतः १९४० पासून आदिवासी सेवा मंडळ चालवीत होते, त्यांची आदिवासींविषयीची कळकळ खोटी नव्हती. तरीही हा लढा सरकारला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न वाटला आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात अटका आणि जिल्हाबंदीचे सत्र सुरू राहिले. आदिवासींचे भले करणारे आणि आदिवासींनी स्वतःचे भले करून घ्यावे म्हणणारे, यांच्यातील हा झगडा महाराष्ट्राला पुढेही अनेकदा पाहावा लागला.

तुरुंग, लेखणी आणि शाळा

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला. कायद्याने मिळालेली जमीन प्रत्यक्ष ताब्यात यावी, वनजमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी यासाठी लढा चालूच राहिला. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. शिक्षणावाचून ही मुक्ती टिकणार नाही हे ओळखून १९६१ साली तलासरीत आदिवासी प्रगती मंडळ उभे राहिले. वसतिगृह आणि शाळेपासून सुरू झालेले हे काम महाविद्यालयापर्यंत पोहोचले. तलासरीचे महाविद्यालय आज गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याच नावाने चालते.

भारत-चीन युद्धानंतरच्या धरपकडीत दोघेही स्थानबद्ध झाले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामरावांचे तुरुंगातच निधन झाले. पाव शतकाचा सोबती गमावलेल्या गोदूताई त्या वेळी स्वतःही कैदेतच होत्या. सुटकेनंतर त्यांनी पुन्हा पाड्यांची वाट धरली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली लढ्याची ही हकीकत अलंकाराचा सोस न बाळगता सांगितलेली आहे. या पुस्तकात नायक आहेत ते पाड्यांवरचे स्त्री-पुरुष. लेखिका स्वतः त्यांच्या मागे उभी राहते. मराठी वाचकाच्या घरात वारली माणूस आपल्या नावागावासह प्रथम आला, तो बहुधा या पुस्तकातून. तुरुंगातील दिवसांवरचे ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हेही त्यांचेच.

१९८६ साली अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या स्मृतिदिनाच्या दोनच दिवस आधी, त्यांची प्राणज्योत मालवली.

बाकी राहिलेला हिशेब

सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची १० हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, तिला गोदूताईंचेच नाव आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांत वनजमिनीचे पट्टे मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. रक्ताळलेल्या तळपायांची ती छायाचित्रे पाहून हळहळलेल्या शहराला या मागणीचे वय किती, हे ठाऊक नव्हते.

झरीच्या सभेने वेठ मोडली, पण तिची मुळे खोल होती. १९७६ साली देशात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्यानंतरही खुद्द वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी १९८२ साली श्रमजीवी संघटनेला उभे राहावे लागले. आगाऊ उचल देऊन हंगामभर मजुराला बांधून घेण्याचा व्यवहार आजही पूर्णपणे संपलेला नाही. तुळिंजच्या इमारतींच्या विटा ज्या भट्ट्यांवर भाजल्या गेल्या, तेथील मजुराला ठरल्या दिवशी ठरलेला दाम मिळाला का आणि काम सोडून जाण्याची मोकळीक होती का, हे प्रश्न झरीच्या ठरावांपेक्षा फारसे वेगळे नाहीत. गोदूताईंची आठवण काढायची तर ती हे प्रश्न विचारूनच काढावी लागेल.