दगडाचे पोट उघडणारे शास्त्रज्ञ : डॉ. बिरबल साहनी

नरडाण्याहून महामार्गाने धुळ्याकडे निघा की शिरपूरकडे, रेल्वेने दोंडाईच्याकडे जा की अमळनेरकडे, पायाखालचा दगड काही बदलत नाही. घराच्या पायात तोच, विहिरीच्या बांधणीत तोच, रुळांखालच्या गिट्टीतही तोच. आपण जिला कपाशीची काळी जमीन म्हणतो ती तरी काय, याच दगडाचे झिजून झालेले पीठ. धुळे-नंदुरबार भागात जागोजागी काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात. जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हारस तिथेच थिजला, त्या या भिंती. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या दगडाने व्यापला आहे. तो केव्हा तयार झाला, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ विद्वानांच्या वादाचा विषय होता. त्या वादात ज्यांनी हिरिरीने उडी घेतली ते डॉ. बिरबल साहनी भूगर्भशास्त्राचे नव्हे, तर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. झाडापानांच्या माणसाचा काळ्या दगडाशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. तिथून जवळच मिठाच्या डोंगरांची प्रसिद्ध रांग आहे आणि तिच्यातील खडकांत पुरातन जीवांचे अवशेष विपुल आहेत. वडील रुचिराम साहनी हे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते स्वातंत्र्याच्या चळवळीतले होते. मोतीलाल नेहरू, पंडित मालवीय आणि आपले नामदार गोखले अशी माणसे त्यांच्या घरी येत-जात. सुट्टी लागली की रुचिराम मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकंतीला निघत. झाडे, दगड, जे हाती लागेल ते गोळा करण्याचा छंद बिरबलना याच भटकंतीत जडला. पुढे मुलाने आय. सी. एस. व्हावे असे वडिलांच्या मनात आले. बिरबलनी मात्र वनस्पतिशास्त्रच शिकणार म्हणून सांगितले. त्या काळी हा निर्णय फारसा व्यवहारी नव्हता. वडिलांनी तो मान्य केला, याचे श्रेय त्यांनाही द्यायला हवे.

१९११ साली साहनी केंब्रिजला गेले. तिथे प्राध्यापक सीवर्ड यांच्या हाताखाली त्यांनी अश्मीभूत वनस्पतींचा अभ्यास केला. भारतातील गोंडवन खडकांतल्या वनस्पतींची फेरतपासणी गुरुशिष्यांनी मिळून केली आणि ती १९२० साली प्रसिद्ध झाली. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. घेऊन ते परतले. काही काळ बनारसला आणि लाहोरला शिकवून १९२१ साली ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले. उरलेले सारे आयुष्य त्यांनी तिथेच काढले. अंगावर खादी असे. एवढ्या मोठ्या पदावर असूनही ते पहिल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही स्वतः शिकवीत.

आता त्यांच्या कामाच्या गाभ्याकडे वळू. जिवंत झाडाचा तुकडा वस्त्र्याच्या पात्याने कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो. पण जे झाड कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झाले त्याचे काय करायचे? पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडात झिरपते, पेशीपेशीत भरते आणि घट्ट होते. लाकूड जाऊन दगड उरतो, पण त्यात पेशींचा आराखडा जसाच्या तसा राहतो. वरून पाहिले तर ती साधी गारगोटी वाटावी. असा दगड हातोड्याने फोडला तर तो हवा तिथे फुटेल याची शाश्वती नाही, म्हणून तो कापावाच लागतो. धातूच्या पातळ चकतीच्या कडेला हिऱ्याची पूड बसवलेली असते किंवा चकतीवर कार्बोरंडमची ओली भुकटी सोडतात, आणि फिरत्या चकतीवर दगड सावकाश दाबून धरतात. काही मिलिमीटर जाडीची चीप निघते. तिची एक बाजू काचेवर, आधी जाड आणि मग बारीक भुकटीने, आरशासारखी गुळगुळीत होईपर्यंत घासायची. ती बाजू कॅनडा बाल्समच्या चिकाने काचपट्टीवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत बसायचे. दगडातून उजेड आरपार दिसू लागेपर्यंत हे घासणे चालते. खडकाच्या अशा कापाची जाडी साधारण एक मिलिमीटरचा तेहतिसावा भाग इतकी असते. घासताना बोट जरासे जास्त दाबले गेले तर दिवसभराच्या मेहनतीची भुकटी होते.

स्कॉटलंडच्या विल्यम निकोल यांच्या नावाने ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्धीला आली. आपल्याकडे खंबायतचे कारागीर तर त्याच्या कितीतरी आधीपासून अकीक घडवीत आले आहेत. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ते त्याचे टवके काढतात आणि मग त्याला पैलू पाडून झिलई देतात. मात्र त्यांची नजर दगडाच्या कांतीवर असते. अश्मीभूत वनस्पतीचा अभ्यासक आतला आराखडा शोधतो, आणि त्यासाठी सुंदर दगडही वाया घालवायची त्याची तयारी असावी लागते. यात आणखी एक पेच आहे. चकतीच्या जाडीइतका दगड प्रत्येक कापाबरोबर कायमचा नाहीसा होतो. फळ किंवा बी जर चार-पाच मिलिमीटरचेच असेल, तर पहिला काप कुठून घ्यायचा, आडवा की उभा, हे चुकले की तो नमुना संपला. पुढे यावर एक तोड निघाली. दगडाच्या गुळगुळीत बाजूवर हायड्रोफ्लोरिक आम्ल लावले की सिलिका किंचित झिजते आणि पेशींच्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात. त्यावर सेल्युलोजचा पातळ थर ओतून तो वाळला की सोलून घ्यायचा. पेशी त्या पापुद्र्याला चिकटून येतात आणि दगड फारसा खर्च होत नाही.

अशा कामाला साहनींना अमाप सामग्री मिळाली ती मराठी मुलखाच्या वेशीवर. नागपूरच्या उत्तरेला, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेला, सौसर हा तालुका आहे. तिथे आजही मराठी बोलली जाते. त्याच भागात मोहगाव कलान हे गाव आहे. आपला काळा दगड एकाच वेळी ओतला गेलेला नाही. लाव्हाचा एक लोट यायचा, थंडावायचा, मग मोठा काळ शांततेत जायचा. खळग्यांत पाणी साठून तळी व्हायची, काठी झाडे वाढायची, पाने-फळे गाळात पडायची, आणि मग नवा लोट येऊन सगळे झाकून टाकायचा. दोन लोटांमध्ये सापडलेल्या त्या गाळाचा पुढे चर्ट नावाचा गारगोटीसारखा टणक दगड झाला. सौसर भागात शेतात पडलेले या चर्टचे ढेकूळ कापले की आत जुन्या तळ्याचा एक तुकडाच सापडतो. १९३७ साली साहनींनी के. पी. रोडे यांच्यासह मोहगाव कलानच्या वनस्पतींवर लिहिले आणि १९४३ साली एच. एस. राव यांच्यासह सौसरच्या चर्टवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.

त्या कापांत काय दिसले? पाण्यावर तरंगणारी ॲझोला ही नेच्यांच्या जातीची चिमुकली वनस्पती दिसली. अलीकडे आपल्याकडेही शेतकरी ती हौदात वाढवून गुरांना घालतात. ताडाच्या कुळातली भरपूर लाकडे मिळाली. निपाची फळेही मिळाली. हा निपा ताड आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढतो. म्हणजे ज्या प्रदेशाला आज समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तिथे त्या काळी खाडीचे पाणी पोचत असले पाहिजे, असा तर्क निघतो. एक फळ असे निघाले की त्याचे कूळ लागेना. साहनींनी त्याला कोड्याचे फळ या अर्थाचे एनिग्मोकार्पॉन हे नाव दिले. पुढे व्ही. बी. शुक्ल यांनी मोहगावच्याच दगडात सापडलेल्या फुलाला साहनींच्या नावावरून साहनिॲन्थस म्हटले. हे फळ मेंदीच्या कुळाजवळचे असावे असे अभ्यासकांचे मत पडले. आपल्या राज्याचे फूल ताम्हण, तेही याच कुळातले!

आता वादाकडे. हा लाव्हा क्रिटेशियस काळातला, म्हणजे डायनोसॉर नाहीसे होण्याआधीचा, असे भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे मत स्थिर झाले होते. त्याहून जुने एक वेगळे मत मात्र होते. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म गोळा करून हा काळ नंतरचा, टर्शरी असावा, असे म्हटले होते. साहनींनी १९३४ साली करंट सायन्स या मासिकात हा प्रश्न नव्याने मांडला. त्यांचा कौल टर्शरीच्या बाजूने होता. निपा आणि ॲझोला यांचे तोवर माहीत असलेले जीवाश्म टर्शरी खडकांतले होते, आणि ताडांची ही गर्दीही त्याच काळाला शोभणारी होती. खात्यातल्या अनुभवी माणसांना एका वनस्पतिशास्त्रज्ञाने सुनवावे, हे साऱ्यांनाच रुचले असेल असे नाही. पण साहनी दोन्ही शास्त्रांत वावरत. भारतीय विज्ञान परिषदेच्या भूगर्भशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी १९२६ सालीच भूषविले होते, आणि १९४० साली मद्रासच्या अधिवेशनात ते साऱ्या परिषदेचेच अध्यक्ष झाले.

मग खरे कोण ठरले? ॲझोला पुढे इतरत्र क्रिटेशियस खडकांतही सापडली, तेव्हा साहनींच्या एका आधाराचा जोर कमी झाला. १९८०च्या दशकात नागपूरच्या अशाच थरांतून क्रिटेशियस काळातील पृष्ठवंशी प्राण्यांचे अवशेष मिळाले. ते काम करणाऱ्यांत प्रमुख होते डॉ. अशोक साहनी, बिरबल साहनींचे सख्खे पुतणे! किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढलेल्या वयानुसार हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरतो. त्याच सुमारास क्रिटेशियस संपून टर्शरी सुरू झाला. दोन काळांच्या उंबऱ्यावरच हा दगड ओतला गेला असल्याने दोन्ही पक्षांच्या पदरात थोडे थोडे पडले. माझ्या मते साहनींचे यातले मोठेपण निकालाहून वेगळे आहे. त्यांचा निष्कर्ष बदलला, पण सौसरच्या चर्टमधून काढलेली ॲझोला, ताड आणि कोड्याचे फळ खोटे पडले नाहीत. नंतरच्या लोकांनी वाद घातला तोही याच कापांच्या आधारे.

मिठाच्या डोंगरांबाबत मात्र त्यांचा अंदाज साफ फसला. तिथल्या मिठात त्यांना वनस्पतींचे आणि कीटकांचे सूक्ष्म कण आढळले, त्यावरून त्यांनी ते मीठ टर्शरी काळातले ठरविले. आज ते कितीतरी जुने, कँब्रियनच्या आसपासचे मानतात. ही गोष्ट चरित्रकार बहुधा घाईने सांगून मोकळे होतात. पण ज्याने आयुष्यभर धाडसाने मते मांडली त्याची सगळीच मते टिकावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यांची सर्वांत देखणी कामगिरी राजमहाल टेकड्यांतली. निपानिया या गावच्या सिलिकामय दगडांत खोडे, पाने, बीजधारी अवयव वेगवेगळे विखुरलेले होते. काप घेऊन, पेशी जुळवून साहनींनी दाखवून दिले की हे सारे एकाच जातीच्या झाडाचे अवयव आहेत. खोडाच्या आडव्या कापात काष्ठाचे पाच स्वतंत्र भाग दिसतात, म्हणून नाव ठेवले पेंटॉक्सिलॉन. हा निबंध १९४८ सालचा. या वनस्पतीला आजच्या कुठल्याही कुळात नेमके बसवता येत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थी मित्रांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३६ साली रोहतकजवळ खोकरा कोट येथे साहनींना मातीच्या साच्यांचे तुकडे सापडले. ते यौधेयांच्या नाण्यांचे साचे होते. जी नजर दगडातल्या पेशी जुळवीत होती तिनेच हे तुकडे जुळवून प्राचीन भारतात नाणी कशी ओतली जात ते दाखविले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४५ साली निघाले आणि नाणकशास्त्र परिषदेने त्याला पदक दिले.

१९३६ सालीच ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ. स्वातंत्र्य मिळाल्यावर मौलाना आझादांनी त्यांना शिक्षण खात्याचे सचिवपद देऊ केले, पण त्यांनी ते नाकारले, कारण मनात संस्था होती. १९४६ साली त्यांनी आणि पत्नी सावित्रीबाईंनी विश्वस्तनिधी स्थापून आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि आयुष्यभर जमविलेले जीवाश्म त्या कामाला वाहिले. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसली. ही कोनशिला साहनींनी स्वतःच सिद्ध केली होती आणि तिच्यात ठिकठिकाणचे जीवाश्म बसवले होते. अवघ्या एका आठवड्यात, ९ आणि १० एप्रिलच्या मधल्या रात्री, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. १९५० साली स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांची वाट पाहत होते. त्यांची समाधी संस्थेच्या आवारातच आहे. संस्थेचा भार सावित्रीबाईंनी उचलला. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, पण १९५३ च्या जानेवारीत इमारत पुरी होऊन तिचे उद्घाटन झाले, आणि तेव्हाही नेहरूंनाच बोलावले होते.